खंडेनवमीची भेट

"माळ्याची ना गं तू? मग हार छान जमत असतील तुला."

मला मरावंसं वाटतं, असं मी नुकतंच सांगितलं होतं. त्यावर मॅडमचं हे पहिलं वाक्य.

सांगितलं होतं ते माझ्या बोलीत. "मॅडम, मले मरावंसं वाटून राहिलं." आठ दिवस हे वाक्य घोकत होते. वसतिगृहाच्या नळावर कपडे धुताना, मेसच्या रांगेत, प्रयोगशाळेत. इंग्रजीत जमेना. पुस्तकी मराठीत म्हणून पाहिलं तर दुसऱ्याच कुणाचं दुखणं सांगतेय असं वाटे. शेवटी घरी बोलते तसं बोलले. मॅडमच्या ओठांवर जरासं हसू आलं. मग त्यांनी माझा भेटीसाठी भरलेला अर्ज वाचला. आडनाव. गाव, तालुका बार्शीटाकळी. वडिलांचा व्यवसाय, फुलशेती. आणि त्यांचा चेहरा खुलला. बाजारभर हिंडून हवी ती वस्तू अखेर सापडावी, तसा.

"शनिवारी पाहुणे आहेत. पाच हार लागतील. इथेच बसून कर. हात गुंतले की डोकं शांत होतं, बघ तू."

अमरावतीतलं नावाजलेलं कॉलेज. दारावर पाटी, 'समुपदेशन कक्ष'. पाटीखाली हसरा सूर्य आणि 'मनमोकळं बोला'. आत अर्ध्या खोलीत लाल गालिच्याची गुंडाळी, साउंड बॉक्स, समई, सत्काराच्या शाली. कारण मॅडमकडे स्वागत समितीही होती. मुलांची मनं आणि पाहुण्यांचे गळे, दोन्ही खाती एकाच बाईकडे. मी कुठल्या खात्यात गेले ते मला तेव्हा कळलं नाही.

खरं सांगते, मला तो इलाज वाटला. डॉक्टर कडू गोळी देतात, या सुई देतात. शिकलेली माणसं, त्यांना कळत असेल. शुक्रवारी फुलांची टोपली आली, मी सतरंजी अंथरून साउंड बॉक्सला टेकून बसले आणि पाच हार केले. मॅडम फोनवर बोलत होत्या. जाताना म्हणाल्या, "बघ, किती फ्रेश दिसतेयस." मी त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

मला काय झालं होतं? एक कारण सांगता येत नाही. गावाकडे बारावीपर्यंत सर पुस्तकातलं इंग्रजी आमच्या बोलीत फोडून सांगत. इथे बी.एस्सी.ला आल्यावर कुणी काही फोडून सांगेना. प्रात्यक्षिकात छातीत धडधड सुरू व्हायची, हातातली काचेची नळी थरथरायची. मागच्या बाकावरची मुलं माझ्या 'मले-तुले'ची नक्कल करत. झोप गेली. भूक गेली. आणि पहिल्या सहामाहीत चार विषय गेले. घरी सांगितलं, पास झाले. हे खोटं घशात हाडासारखं अडकलं होतं. कारण घरी आत्या स्थळ घेऊनच बसली होती. "पोट्टी नापास झाली का सांगजो," असं तिनं बाबांना म्हणून ठेवलं होतं. नापास कळलं की शिक्षण बंद, हे मी धरून चालले होते.

मला शिकायचं होतं. मरावंसंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. पण हे ऐकायला कुणीतरी फोन खाली ठेवावा लागतो.

पहिल्या हारांनंतर वर्षभर सत्र चाललं. शिक्षकदिन, स्नेहसंमेलन, कुणाची जयंती, कुणाचा निवृत्ती समारंभ. "ये गं, तुझी थेरपी आहे आज," असं मॅडम व्हरांड्यातून हाक मारून सांगायच्या. चार मुलांदेखत. मुलं हसायची. "ए, हिची थेरपी!" पाहुण्यांशी ओळख करून द्यायच्या ती अशी, "ही आमची फुलराणी. आली तेव्हा अगदीच गावंढळ होती." पाहुणे मान डोलवायचे. एक प्राध्यापक बाई तर माझ्याकडे न बघता मॅडमला म्हणाल्या, "हिला सांगा ना, माझा गजराही करून देईल." मी तिथेच. हातात सुई. मलाच विचारलं असतं तर काय झालं असतं? पण शिंप्याच्या मशीनला कुणी विचारतं का?

मी गजरा करून दिला. हे लिहायची लाज वाटते, म्हणून लिहिते.

याहून मोठी लाज पुढे आहे. जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. मी हार ओवत बसले होते, मॅडम पुष्पगुच्छाला कुठली रिबीन शोभेल ते बघत होत्या. दारात एक मुलगी आली. पिवळी ओढणी, हातात वही, डोळे सुजलेले. तिची ओळख नव्हती मला. पण ते डोळे ओळखले. माझेच होते ते.

मॅडमनी मान वर न करता मला सांगितलं, "सांग तिला, उद्या ये म्हणावं."

आणि मी सांगितलं. मी. "मॅडम कामात हायत. उद्या ये."

"उद्या नक्की असतील ना?" तिनं मला विचारलं.

"हो," मी म्हटलं.

उद्या स्नेहसंमेलनाचा मुख्य दिवस. खोलीला कुलूप. परवा सुट्टी. ती पुन्हा दिसली नाही. महिन्याभरानं वसतिगृहात ऐकलं की पिवळ्या ओढणीवाली पेटी घेऊन घरी गेली, कॉलेजातून नाव काढलं. गाव कुठलं, कुणालाच सांगता येईना. ती आज कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. तिला दारातून परत पाठवणारा आवाज मॅडमचा नव्हता, माझा होता.

मार्चमध्ये कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार होती. भिंती रंगल्या. कुंड्या आल्या. संडासांना कड्या लागल्या. आदल्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं आणि एक जाड रजिस्टर पुढे सरकवलं.

"पटापट सह्या कर. बारा ठिकाणी."

पानावर माझं नाव होतं. भेट एक, भेट दोन, अशा बारा भेटी. मी वाचू लागले. 'पार्श्वभूमी: ग्रामीण, फुलविक्रेते कुटुंब. समस्या: न्यूनगंड, आत्महत्येचे विचार. पद्धत: पुष्पकलेतून मनोपचार.' खाली प्रत्येक भेटीचा निकाल. 'विद्यार्थिनी मोकळी झाली.' 'विद्यार्थिनीचा आत्मविश्वास वाढला.' 'विद्यार्थिनी प्रथमच हसली.'

तारखा पाहिल्या. एकेक तारीख ओळखीची निघाली. ही शिक्षकदिनाची. ही निवृत्तीवाल्या सरांची. जेवढे समारंभ, तेवढ्या माझ्या भेटी. हारांचा हिशेब माझ्या मनाच्या नावावर लिहिला होता.

आणि पाचवी भेट. खंडेनवमी. 'विद्यार्थिनीने कक्षात शांत चित्ताने दसऱ्याचे हार गुंफले. दीड तास संवाद. बरीच सुधारणा.'

मी हसले. रजिस्टरात लिहिलं होतं तशी, अगदी प्रथमच.

कारण दसऱ्याच्या तोंडावर माळ्याची पोर जगाच्या पाठीवर फक्त एका ठिकाणी असते. झेंडूच्या वावरात. वर्षाचा तोडा त्या चार दिवसांत. आजारी माणूससुद्धा खाटेवरून उठून तोडायला येतो. मी पाच दिवस रजा टाकून गावी होते. वसतिगृहाच्या फाटकावरच्या वहीत माझी जाण्याची आणि येण्याची सही होती. मॅडमना माळ्याच्या मुलीकडून वर्षभर हार करून घ्यायचे होते, पण माळी दसऱ्याला काय करतो हे ठाऊक नव्हतं. आम्हाला वापरायचं, पण आमच्याबद्दल माहिती करून घ्यायची नाही. इथंच फसतात ही माणसं.

मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या. मी त्या पानांचे फोटो काढले.

परत आल्यावर त्यांनी एक कागद दिला. उद्या सभागृहात समितीपुढे मी वाचायचं भाषण. पहिलं वाक्य, 'मी मरणाच्या दारातून परत आले, ते केवळ मॅडममुळे.'

"मी नाही वाचत," मी म्हटलं. "आन सही बी नाही करत."

मॅडमचा आवाज चढला नाही. त्या छान हसल्या. "चार विषय राहिलेत ना तुझे? आणि ते मरायचं वगैरे बोलली होतीस. घरी माहितीय? नसेल तर मी कळवते. माझं कर्तव्यच आहे ते."

एका खोलीत, बंद दाराआड, एकदाच बोललेलं वाक्य. ते त्यांनी चाकूसारखं जपून ठेवलं होतं.

मी वसतिगृहात गेले नाही. सरळ मागच्या फाटकापाशी लिंबाखाली उभी राहिले आणि बाबांना फोन लावला. दुपारची वेळ. बाबा वावरात पाणी देत होते. मोटरचा आवाज येत होता.

"बाबा, मी चार विषयात नापास झाली. तुमाले खोटं सांगतलं."

मोटरचा आवाज.

"आन मले मरावंसं वाटते."

मोटर बंद झाली. मला वाटलं, फोन कटला.

"आता वाटून राहिलं काय? या घडीले?"

"आता नाही. कधी कधी."

"मंग मले आधी काहून नाही सांगतलं?"

"आत्या लगन लावून देईन म्हणून."

"आत्याले मी पाह्यतो. तू तिथंच थांब, मी येतो पाह्यटच्या गाडीनं. आन हे पाह्य, खोटं बोलली त्याच्यावर मंग भांडू. आधी जेव."

एवढंच बोलले. पण मॅडमच्या हातातला चाकू बोथट झाला होता. जे कळवायची धमकी होती ते मीच कळवलं होतं.

"बाबा, उद्याची फुलं आनू नोका," मी म्हटलं. समितीच्या हारांची फुलं आमच्याकडूनच यायची होती.

"नाही आनत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम वेड्यासारख्या धावत होत्या. फुलं आली नव्हती, आणि हार करणारी पोर सतरंजीवर नव्हती. शेवटी गणपतीच्या सजावटीतले प्लॅस्टिकचे हार काढले. धूळ झटकली. समितीच्या एका गृहस्थांना ते घालताच सटासट तीन शिंका आल्या. पोट भरून हसले मी. हसायचंच होतं मला.

सभागृह भरलेलं. पडद्यावर माझा फोटो आला. डोळ्यांवर काळी पट्टी, हातात हार आणि सुई. खाली 'यशोगाथा' आणि रजिस्टरातली ओळ, 'समस्या: आत्महत्येचे विचार'. पट्टीनं काय होतं? मागून कुणीतरी ओरडलं, "थेरपी!" आणि हशा पिकला. मला मरावंसं वाटतं, हे साऱ्या कॉलेजला पडद्यावर वाचायला मिळालं. प्राचार्य, शिपाई, मेसवाल्या मावशी, माझी नक्कल करणारी मुलं. सगळ्यांना. धमकी लागू पडली असं धरून मॅडमनी माझ्या हातात माईक दिला.

कागद मी सोबत घेतलाच नव्हता. जे बोलले ते जसंच्या तसं आठवतं.

"मॅडमनं मले एकच गोष्ट इचारली. हार येते का? झोप येते का, जेवतं का, मरावंसं काहून वाटते, हे नाही इचारलं. बारा भेटी लिवल्या. भेट एकच झाली, पाच मिन्टांची. बाकी मी हार केले. खंडेनवमीले त मी इथं नोतीच. बाबाच्या वावरात झेंडू तोडून राहिली होती. वसतिगृहाच्या फाटकावरची वही पाहा."

प्राचार्य उठले. "माईक बंद करा." माईक बंद झाला. मी वावरात वाढले. या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय. माईक लागत नाही.

"आन एक पोरगी दारातून वापस गेली. तिची भेट कोन्या पानावर हाय?"

सभागृहात कुणी हसलं नाही. समितीतल्या एक बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी फाटकावरची वही मागवली. मॅडमचा चेहरा मी नीट बघून घेतला. पांढराफटक. तो चेहरा मला आजही हवा तेव्हा आठवता येतो, आणि मी आठवते. त्यात मला आनंद होतो. कुणाला हे वाईट वाटत असेल तर वाटो.

बाबा मागच्या फाटकावर थांबले होते. पहारेकऱ्यानं आत सोडलं नव्हतं. त्यांनी मला पाहिलं आणि पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं. आम्ही लिंबाखाली बसून जेवलो. दुसऱ्या दिवशी ते मला अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी हे सांगितलं की माझं बोलणं त्या कुणाला सांगणार नाहीत, आणि जिवाला धोका वाटला तर कुणाला आणि का सांगतील. मग विचारलं, "झोप किती लागते?" आणि थांबल्या. मी रडून होईपर्यंत थांबल्या. बाहेर शंभर माणसं रांगेत होती, तरी थांबल्या. त्या दिवशी कळलं की हे काम असं करायचं असतं. माझ्याकडून काय हिरावलं गेलं होतं, तेही त्याच दिवशी कळलं. बरं वाटण्याआधी राग आला. राग औषधाबरोबर पोटात गेला आणि दोन्हींनी काम केलं.

मॅडमचं काय झालं? काही नाही. महिनाभर रजा. मग विद्यार्थी कल्याण विभागाच्या प्रमुख. मलाच माफीपत्र लिहायला सांगितलं. मी लिहिलं नाही. अंतर्गत गुण कापले. मी चारही विषय पुन्हा दिले, दोन तिसऱ्या खेपेला सुटले. मग मानसशास्त्रात एम.ए. केलं, समुपदेशनाची पदविका केली. प्रेमानं नाही. सूड घ्यायचा तर हत्यार नीट हवं म्हणून.

या जूनमध्ये त्याच कॉलेजची जाहिरात आली. समुपदेशक, कंत्राटी, अकरा महिने. पात्र माणूस ठेवणं त्यांना आता भाग होतं आणि अर्ज दोनच आले होते. प्राचार्य नवे, त्यांना मी माहीत नव्हते. मॅडमना माहीत होते. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "जुनं सगळं विसरलीस ना बेटा?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. "फोटो आहेत."

दुसरी उमेदवार आलीच नाही. मला घ्यावं लागलं.

तीच खोली. दारावरचा सूर्य मी पहिल्याच दिवशी खरवडून काढला. गालिचा, समई, साउंड बॉक्स ओढून मॅडमच्या केबिनबाहेर ठेवले. परवा शिपाई टोपली घेऊन आला. झेंडू, शेवंती, दोऱ्याचं रीळ.

"मॅडमनं पाठवली. उद्या पाहुणे हायत. म्हनल्या, तुमाले येतात हार."

मी टोपली उचलली. मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्या टेबलावर, त्यांच्या फायलींवर, त्यांच्या चहावर ती पूर्ण उपडी केली. वर सुई ठेवली.

"हात गुंतले की डोकं शांत होतं, मॅडम. करा."

"तुझं कंत्राट अकरा महिन्यांचं आहे," त्या म्हणाल्या. आवाज तसाच, छान. "विसरू नकोस."

"नाही विसरत. आणि जुन्या रजिस्टरातल्या बाकी मुलांचे पत्ते मी काढून घेतलेत. एकेकाला विचारणार आहे, खरंच किती भेटी झाल्या. लेखी घेणार आहे. पिवळ्या ओढणीवालीचं गावही शोधून काढणार आहे. अकरा महिने पुरतात मला."

परत आले तर खोलीच्या दारात एक मुलगी उभी होती. वही छातीशी धरलेली. माझ्या बाह्यांना झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. ती घाबरली.

"मॅडम, तुमी कामात असान त मी उद्या येतो."

"उद्या नाही," मी म्हटलं. "आत्ता. आत ये, बस."